पाच बारांची बंदूक, तीन बारांचा कायदा

या व्याख्यानमालेचे बरेच श्रोते आता महाराष्ट्राबाहेर, काहीजण तर देशाबाहेर राहतात. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांपैकी एक प्रश्न आज आम्ही विषय म्हणूनच घेतला आहे. प्रश्न असा: "अमेरिकेत राहतो. सुटीच्या दिवशी मातीच्या तबकड्या फोडायला रेंजवर जातो. हिवाळ्यात मित्रांबरोबर बदकांच्या शिकारीला जायचं आहे. दोन्हीला चालेल अशी एकच सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घ्यायची, तर काय बघून घ्यावी?"

वरवर पाहिलं तर हा दुकानातला प्रश्न आहे, इतिहासाच्या व्याख्यानात त्याचं काय काम? पण दुकानात ती बंदूक हातात घेतली की तिच्या प्रत्येक भागामागे काहीतरी घडून गेलेलं दिसतं. काडतुसांच्या नळीत घातलेली एक काठी असते, नळीला खालून पाडलेली दोन बारीक भोकं असतात, चेंबरवर कोरलेला तीन किंवा साडेतीन इंचांचा आकडा असतो. यातली एकही गोष्ट नुसत्या कारखानदाराच्या डोक्यातून आलेली नाही. कुठे पक्षी संपत चालले होते म्हणून, कुठे खांदे दुखत होते म्हणून, तर कुठे तळ्यातल्या चिखलात विष साठत होतं म्हणून ती आली आहे. हे एकदा कळलं की निवड सोपी होते, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा उरलासुरला परवानाही गेला. त्यामुळे भारतात या बंदुकीचा खेळ तबकडीपुरताच, तोही परवाना घेऊन. आजची गोष्ट मुख्यतः अमेरिकेची आहे, थोडी बेल्जियमची आणि इटलीची.

आधी शब्द नीट करून घेऊ

कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक बऱ्याच जणांनी पाहिली असेल. जुनी ठासणीची, नंतरची एकनळी किंवा दुनळी काडतुसाची. यातल्या काडतुसाच्या बंदुका शॉटगनच. शॉटगन म्हणजे एका गोळीऐवजी छर्रे सोडणारी, आतून गुळगुळीत नळीची बंदूक. बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या मापाचा शिशाचा गोळा केला, आणि असे बारा गोळे मिळून एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअरची. मिलिमीटरमध्ये साधारण साडेअठरा. वीस बोअरची नळी त्याहून बारीक, कारण तिथे पौंडात वीस गोळे बसतात.

दुनळीत दोन बार मिळतात. मग बंदूक मोडून काडतुसं पुन्हा भरायची. पंप बंदुकीत हातानं पुढचा दांडा मागेपुढे केला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. सेमी-ऑटोमॅटिक हेच काम स्वतः करते, बार उडाल्याच्या जोरावर. चाप मात्र प्रत्येक बाराला नव्यानं ओढावा लागतो, म्हणून 'सेमी'.

ऑग्डेनचा कारागीर

ही बंदूक प्रथम यशस्वी करून दाखवली जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. जन्म १८५५, गाव अमेरिकेतल्या युटामधलं ऑग्डेन. वडीलही बंदुका करणारे. १८८३ पासून ब्राउनिंग विंचेस्टर कंपनीला आपले आराखडे विकत होते. पद्धत ठरलेली होती: ब्राउनिंगनी नमुना करून न्यायचा, कंपनीनं एकरकमी पैसे मोजून हक्क घ्यायचे, पुढे किती बंदुका विकल्या त्याचा हिशेब नाही.

शतक संपता संपता त्यांनी आपोआप भरणारी शॉटगन तयार केली. त्याआधी ती होणं अवघडच होतं. जुन्या काळ्या दारूची राख इतकी साचायची की असं नाजूक यंत्र थोड्याच बारांत अडकलं असतं. बिनधुराची दारू आली आणि मग हे शक्य झालं. ब्राउनिंगची युक्ती अशी: बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले असतानाच दोघेही मागे सरकतात. पूर्ण मागे गेल्यावर सुटतात, नळी आधी पुढे येते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, मागोमाग बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर.

आपल्या हातून काय घडलं आहे हे ब्राउनिंगना माहीत होतं. त्यांनी या वेळी एकरकमी पैसे नाकारले आणि प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मागितला. विंचेस्टरचे प्रमुख टी. जी. बेनेट तयार झाले नाहीत. जवळजवळ वीस वर्षांचा संबंध तिथे तुटला. ब्राउनिंग बंदूक घेऊन रेमिंग्टनकडे गेले. ८ जानेवारी १९०२ चा दिवस. ते भेटीसाठी बाहेर बसलेले असताना आतून निरोप आला की रेमिंग्टनचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांचं नुकतंच हृदयविकारानं निधन झालं.

ब्राउनिंगनी मग आगबोट पकडली आणि थेट बेल्जियम गाठलं. लिएजजवळच्या हेर्स्टाल गावातली एफ.एन. कंपनी त्यांची पिस्तुलं आधीपासून करत होती. १९०३ मध्ये तिथून बंदूक बाहेर पडली. पुढे तिला 'ऑटो-५' हे नाव मिळालं: चार काडतुसं खालच्या नळीत आणि एक चेंबरमध्ये, असे पाच बार. पाठीला कुबड असलेली ही बंदूक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. रेमिंग्टननंही नंतर परवाना घेऊन १९०५ पासून तीच बंदूक अमेरिकेत काढली. ती पुढे 'मॉडेल ११' म्हणून ओळखली गेली.

आणि विंचेस्टर? त्यांची पंचाईत झाली. ब्राउनिंगची पेटंटं पक्की होती. बोल्ट ओढायची मूठसुद्धा त्यात येत होती. म्हणून त्यांच्या १९११ च्या बंदुकीला मूठच नव्हती. नळीवर खरखरीत पट्टा कोरलेला होता, तो धरून नळीच मागे दाबायची. त्या काळची काडतुसं कागदाची. दमट हवेत फुगायची आणि चेंबरमध्ये अडकायची. मग लोक दस्ता जमिनीवर टेकवून, नळीचं तोंड स्वतःकडे करून, नळी खाली दाबायचे. अपघात झाले. शिकाऱ्यांनी त्या बंदुकीला नाव ठेवलं 'विधवा करणारी'. १९२५ मध्ये ती बंद झाली. हक्काचा हिस्सा नाकारण्याची किंमत कुणी कुणी मोजली, ते बघा.

पाच बार कुणासाठी?

आता खरा वाद. ही बंदूक बाजारात आली तेव्हा अमेरिकेत पक्ष्यांची काय स्थिती होती? पॅसेंजर पिजन नावाचं रानकबुतर होतं. एकेकाळी त्याचे थवे आकाश झाकून टाकायचे. तारयंत्रानं थवा कुठे उतरला ते कळायचं, रेल्वेनं व्यापारी शिकारी तिथे पोचायचे, जाळी लावून आणि बंदुकीनं मारून पिंपंच्या पिंपं भरून शहरातल्या बाजारात पाठवायचे. विसावं शतक उजाडताना जंगलात तो पक्षी जवळपास उरलाच नव्हता. पिंजऱ्यातली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

इथे न्यायानं बोललं पाहिजे. त्या कबुतराचा अंत सेमी-ऑटोमॅटिकनं केला नाही. ती आली तेव्हा काम उरकलेलं होतं. पण लोकांच्या मनात प्रश्न उभा राहिला. दोन बारांच्या बंदुकांनी आणि जाळ्यांनी एवढं झालं, तर पाच बारांच्या बंदुकीनं बदकांचं, पाणपक्ष्यांचं काय होईल?

हा प्रश्न सगळ्यात मोठ्यानं विचारणारा माणूस स्वतः जुना शिकारी होता. विल्यम हॉर्नडे. तरुणपणी, १८७० च्या दशकात, तो संग्रहालयांसाठी नमुने गोळा करायला भारतात आला होता; दक्षिणेतल्या अनामलाईच्या डोंगरांत त्यानं हत्ती आणि वाघ मारले. पुढे तोच न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या प्राणिसंग्रहालयाचा पहिला संचालक झाला आणि संपत चाललेल्या रानगव्यांसाठी, म्हणजे बायसनसाठी, झटला. १९१३ साली त्यानं नाहीशा होत चाललेल्या वन्यजीवांवर पुस्तक लिहिलं, आणि त्यात पंप आणि ऑटोमॅटिक दोन्ही बंदुकांवर बंदीची मागणी केली. कारखानदारांना त्याचा फार राग होता.

त्याच्याही आधी, १९०७ मध्ये, पेनसिल्व्हेनिया राज्यानं शिकारीत ऑटोमॅटिक बंदूक वापरायला बंदी घातली होती. ही बंदी किती टिकावी? शंभर वर्षांहून जास्त. लहान शिकारीसाठी ती उठली २०१७ साली.

बाकी देशानं दुसरी वाट धरली. १९१६ मध्ये अमेरिकेनं कॅनडाच्या वतीनं ब्रिटनशी स्थलांतरित पक्ष्यांचा करार केला आणि १९१८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या पक्ष्यांच्या मांसाचा खुला बाजार संपला. तरी बदकं घटतच राहिली, कारण १९३० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला आणि अंडी घालायची तळीच आटली. मग १९३५ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला: पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत.

हा नियम अमलात कसा आणला? बंदुकीवर बंदी नाही, कारखान्यावर बंदी नाही. काडतुसांच्या नळीत एक काठी घालायची, म्हणजे दोनच काडतुसं मावतील. चेंबरमधलं एक धरून तीन. काठी एकसंध हवी आणि बंदूक उघडल्याशिवाय निघता कामा नये. यापेक्षा साधी गोष्ट ती काय? पण आज दुकानात नवी सेमी-ऑटोमॅटिक घेतली की पुष्कळदा ही काठी आतच बसवलेली येते. रेमिंग्टननं तर त्या काळातच मुळात तीन बारांचीच बंदूक 'स्पोर्ट्समन' नावानं विकायला काढली. नावातच सगळं आलं: खिलाडू माणसाला तीन पुरे.

काठीची गोष्ट अजून संपलेली नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी उत्तरेकडच्या पांढऱ्या हंसांची संख्या इतकी वाढली की ते आर्क्टिकमधली आपली कुरणंच खाऊन उजाड करू लागले. तेव्हा १९९९ मध्ये खास कायदा करून त्यांच्या विशेष हंगामापुरती काठी काढायची मुभा दिली गेली. म्हणजे किती बार योग्य, हे पक्षी किती आहेत त्यावर ठरतं.

मातीचं कबुतर

आता रेंजकडे वळू. नेमबाजीचा हा खेळ मुळात जिवंत कबुतरांवर चालायचा. पेटीत कबुतर ठेवायचं, दोरी ओढली की पेटी उघडायची, पक्षी उडायचा, नेमबाज मारायचा. त्या पेटीला 'ट्रॅप' म्हणत, म्हणून आजही खेळाचं नाव ट्रॅप. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली. मधल्या काळात काचेचे गोळे उडवून बघितले, पण ते पक्ष्यासारखे उडत नाहीत.

१८८० मध्ये जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजलेल्या मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं. पाण्यावर चपटे दगड भिरकावत खेळणाऱ्या मुलांवरून ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. भाकऱ्या खेळताना दगड कसा सपाट सरकत जातो, ते आपल्यालाही ठाऊक आहे. लिगोव्स्की होते सिनसिनाटीचे. ज्या शहरात शेवटचं पॅसेंजर पिजन पुढे मेलं, त्याच शहरात चौतीस वर्षं आधी मातीचं कबुतर जन्माला आलं होतं. भाजलेली माती फार टणक निघाली. छर्रे लागूनही फुटेना. आजची तबकडी डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडी मिसळून करतात. ऑलिंपिकची तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅम वजनाची असते. नाव मात्र 'क्ले'च राहिलं.

दुसरा खेळ स्कीट. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावात चार्ल्स डेव्हिस आणि त्यांच्याबरोबरची मंडळी रानकोंबड्यांच्या शिकारीचा सराव व्हावा म्हणून वर्तुळात उभी राहून तबकड्या मारत. शेजाऱ्यानं कोंबड्या पाळल्या आणि त्यांच्या दिशेनं बार काढायची पंचाईत झाली. मग वर्तुळाचं अर्धवर्तुळ झालं. १९२६ मध्ये एका मासिकानं या खेळाला नाव सुचवा म्हणून १०० डॉलरचं बक्षीस ठेवलं, आणि मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबट यांनी सुचवलेलं 'स्कीट' हे नाव निवडलं गेलं.

स्कीटचा पुढे वेगळाच उपयोग झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या तोफचींना उडत्या लक्ष्याच्या पुढे नेम कसा धरायचा हे शिकवायला अमेरिकन लष्करानं हाच खेळ वापरला, आणि हातात होती ती पुष्कळदा रेमिंग्टनची मॉडेल ११.

या सगळ्याचा आपल्या निवडीशी काय संबंध? शिकारीत दिवसभर चालून चार-सहा बार निघतात. रेंजवर एका सकाळी १०० तबकड्या म्हणजे निदान १०० बार. बंदुकीकडून काय हवं, हेच बदललं. आता वेगाची गरज उरली नाही. पक्ष्याला तीन बारांचा कायदा, तबकडीला फार तर दोन बार. उरला तो खांदा.

खांद्याचा हिशेब

ब्राउनिंगच्या बंदुकीत जड नळी मागे यायची. तो धक्का ताब्यात ठेवायला स्प्रिंगबरोबर घर्षणाच्या कड्या असायच्या. हलक्या काडतुसाला त्या एका प्रकारे लावायच्या, जड काडतुसाला दुसऱ्या प्रकारे. चुकलं की एक तर यंत्र अर्ध्यावर थांबायचं, नाहीतर धक्का सणसणीत बसून पुढचं लाकूडही तडकायचं.

१९५० च्या दशकात वायूवर चालणाऱ्या शॉटगन आल्या आणि १९६३ मध्ये रेमिंग्टनची '११००' आली. हिच्यात नळी जागची हलत नाही. नळीला खालून बारीक भोकं असतात. त्यांतून जळत्या दारूचा थोडा वायू बाहेर येतो, दट्ट्याला ढकलतो, आणि तो बोल्ट मागे नेतो. यात धक्का थोडा जास्त वेळ पसरतो. एकदम ठोसा बसण्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. रेंजवर ही बंदूक लोकांना अतोनात आवडली. बायकांना, मुलांना, म्हाताऱ्यांना दिवसभर नेमबाजी करता येऊ लागली ती हिच्यामुळे. दोष एकच: वायूबरोबर काजळी येते. साफसफाईचा आळस केला की बंदूक रुसते.

तिसरी वाट इटलीत निघाली. बेनेली घराणं पेझारोचं, मोटारसायकली बनवणारं. १९६७ मध्ये त्यांनी ब्रुनो चिव्होलानी यांच्या कल्पनेवर बंदूक काढली. तत्त्व आपल्या एसटीतलं आहे. गाडी झटक्यात पुढे निघाली की उभा माणूस मागे जातो; खरं तर तो जागेवरच राहू बघतो, गाडी पुढे जाते. इथे बंदूक धक्क्यानं मागे जाते, आतला जड बोल्ट क्षणभर जागेवर राहतो, मधली छोटी कडक स्प्रिंग दाबली जाते आणि मग बोल्टला मागे फेकते. स्वीडनच्या श्योग्रेननं शतकाच्या सुरुवातीला असंच काही केलं होतं, पण ते बाजारात टिकलं नाही. या बंदुकीत वायू आत येत नाही, म्हणून ती कमी घाण होते, चिखलपाण्यात चालते, आणि हलकीही करता येते. पण धक्का वायूच्या बंदुकीपेक्षा जास्त जाणवतो. १९८३ मध्ये बेनेली कंपनी बेरेटानं घेतली. बेरेटा ही गार्दोने व्हाल त्रोंपियाची, १५२६ पासून बंदुकीच्या नळ्या करणारी. स्वतः बेरेटा मात्र मुख्यतः वायूच्याच बंदुका करत राहिली आणि जास्तीचा वायू आपोआप सोडून देणारी झडप त्यांनी बसवली. हलकं काडतूस आणि जड काडतूस, मध्ये काही बदलावं लागत नाही.

तळ्यातलं शिसं

शेवटचं वळण. छर्रे पिढ्यान्‌पिढ्या शिशाचे. शिकाऱ्यानं बार काढला की पक्ष्याला लागतात थोडे, बाकी सगळे तळ्यात पडतात. बदकं चिखलातून दाणे आणि खडे वेचतात. त्याबरोबर छर्रे पोटात जातात आणि विषबाधा होऊन ती मरतात. मेलेलं बदक गरुडानं खाल्लं तर गरुडही. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर शिशाला पूर्ण बंदी आली.

मग पोलादी छर्रे आले. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. हलका छर्रा लवकर वेग गमावतो. म्हणून छर्रे मोठे करावे लागले, मोठे छर्रे पुरेसे मावायला काडतूस लांब करावं लागलं. १९८८ मध्ये बारा बोअरचं साडेतीन इंची काडतूस निघालं.

आता यंत्र करणाऱ्याची अडचण बघा. तीच बंदूक सकाळी रेंजवर २४ ग्रॅमच्या हलक्या काडतुसावर अडखळता चालता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावर ४० ग्रॅमच्या वरच्या मालावर तुटता कामा नये. आजच्या बंदुकांची जाहिरात याच एका ताकदीवर चालते. प्रत्यक्षात साडेतीन इंची बंदूक हलक्या काडतुसावर जास्त कुरकुरण्याची शक्यता असते, आणि जड काडतुसाचा धक्का माणसाला नेम विसरायला लावतो.

मग निवड कशी?

आता मूळ प्रश्नाकडे. आम्ही कुठल्या एका कंपनीचं नाव देणार नाही. पण इतिहासातून चार गोष्टी हाताशी येतात.

पहिली, बार किती मावतात आणि किती भराभर निघतात, हे बघून बंदूक घेऊ नका. तो प्रश्न १९३५ साली मिटला. तिसरा बार बहुतेक वेळा रिकाम्या आकाशातच जातो.

दुसरी, आपले बार कुठे खर्च होणार ते प्रामाणिकपणे मोजा. वर्षात २००० तबकड्या आणि ५० बार तळ्यावर असतील, तर ही तबकडीची बंदूक आहे. वायूवर चालणारी, साधारण साडेतीन किलोच्या पुढची घ्या. वजन हीच गादी: काडतूस तेच असेल, तर ३.६ किलोच्या बंदुकीपेक्षा ३ किलोच्या बंदुकीच्या धक्क्यात २० टक्के जास्त ऊर्जा असते. उलट डोंगरात, शेताच्या बांधावरून दिवसभर चालायचं असेल, तर हलकी आणि इनर्शियावर चालणारी बरी.

तिसरी, चेंबर तीन इंची पुरे. बदकांना तो पुरतो आणि तबकडीला अडचण करत नाही. नळीचं तोंड आवळणारे चोक बदलता येतील असे घ्या, आणि पोलादी छर्ऱ्यांना चालतील असं त्यांच्यावर लिहिलेलं बघा.

चौथी गोष्ट सगळ्यात जुनी: दस्ता अंगाला बसतो का? डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग उघडा. डोळा सरळ नळीवर आला पाहिजे, मान वाकवावी लागू नये. आजकाल दस्त्याचा बाक बदलायला पातळ चकत्या बरोबर मिळतात. शॉटगनला मागचा नेम-माशी नसतो. नेमबाजाचा डोळाच ते काम करतो.

अजून एक गोष्ट अमेरिकेतल्या मंडळींसाठी. १९३४ पासून तिथे पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट घ्यावं लागतं, डक स्टॅम्प. पहिल्या वर्षी तो एक डॉलरचा होता. आज २५ डॉलर आहे. पहिल्या तिकिटावरचं चित्र काढलं जे 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकारानं; तोच तेव्हा सरकारच्या वन्यजीव खात्याचा प्रमुख होता. त्या पैशातून पाणथळ जमिनी घेतल्या जातात. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांच्यावरचा ११ टक्के कर वन्यजीवांसाठी राज्यांकडे जातो. म्हणजे जो माणूस जन्मात एकही पक्षी मारत नाही, फक्त तबकड्या फोडतो, तोही तळी राखायला पैसे देत असतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन

*मी डावखुरा आहे. रिकामं काडतूस तोंडासमोरून जातं. काय करावं?*

बऱ्याच बंदुका उजव्या बाजूला काडतूस फेकतात. काही कंपन्या डावी बंदूक करतात, ती शोधा. आणि ट्रॅपच्या रांगेत उभं राहणाऱ्यांनी, डावे असोत वा उजवे, काडतूस अडवणारी छोटी पट्टी लावावी. शेजाऱ्याच्या कानशिलावर गरम काडतूस बसलं की मैत्री तुटते.

*जुनी बेल्जियन ब्राउनिंग स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?*

जरूर घ्या, पण चेंबर मोजून घ्या. सोळा बोअरच्या जुन्या बंदुकांत आजच्यापेक्षा आखूड चेंबर सापडतो. तिच्या मूळ नळीतून पोलादी छर्रे उडवू नका. घर्षणाच्या कड्या जाणकाराकडून लावून घ्या. रेंजवर ती अजून छान चालते. बदकांना तिचा काळ संपला.

*त्या काठीनं खरंच पक्षी वाचले का?*

एकट्या काठीनं नाही. दुष्काळ संपला, पाणथळ जागा राखल्या गेल्या, रोज किती पक्षी मारायचे याची मर्यादा आली, बाजार बंद झाला. काठी हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग होता. पण एका बाबतीत तिचं महत्त्व मोठं आहे असं आम्हाला वाटतं. यंत्र पाच बार देऊ शकत होतं आणि ते यंत्र मोडलेलं नव्हतं. तरी शिकाऱ्यानं दोन बार सोडून द्यायचे ठरवलं, कायद्यानं ते लिहून ठेवलं, आणि नव्वद वर्षांनंतरही दरवर्षी हंगामाच्या आधी लाखो लोक ती काठी नीट बसली आहे ना, एवढं तपासून मगच तळ्यावर जातात.